धुराविरुद्ध एक साधा अर्ज

अर्ज एका पानाचाच असावा, असं वाल्मीक सुरवाडे यांचं ठाम मत होतं. चौतीस वर्षं ते एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसले होते आणि लोकांचं दुःख किती पानांचं असू शकतं हे त्यांनी स्वतःच्या हातानं शिक्के मारून पाहिलं होतं. दुसरं पान कोणी वाचत नाही, हेही पाहिलं होतं. म्हणून निवृत्तीनंतर दीड वर्षानं स्वतःसाठी अर्ज लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी समास सोडला, विषय अधोरेखित केला आणि अकरा ओळींत सगळं बसवलं. विषय : घरामागील मोकळ्या प्लॉटवर कचरा जाळला जात असल्याबाबत.

दहा दिवसांत काम होईल, असा त्यांचा अंदाज होता. ही ऑक्टोबरमधली गोष्ट.

गाव जळगाव-धुळे रस्त्यावरचं. नाव सांगत नाही; तिथली नगरपालिका अजून चालू आहे आणि खुलासे पाठवण्याच्या बाबतीत ती फार तत्पर आहे. कॉलनी शिक्षक, कारकून आणि लहान दुकानदारांची. सुरवाडेंच्या घरामागं एक मोकळा प्लॉट होता. त्याचा मालक सुरतेला असतो असं म्हणत, पण त्याला कोणी पाहिलं नव्हतं. प्लॉटवर कचरा पडायचा आणि सकाळी सहा ते आठ जळायचा. प्लास्टिकच्या पिशव्या, चपला, सुकलेली केळीची पानं, लहान मुलांचे लंगोट, सगळं एकत्र. थंडी पडू लागली की तो धूर वर जात नसे. आळशी पाहुण्यासारखा तो भिंतीवरून घरात यायचा आणि बसायचा.

आणि घरात संघमित्राबाई खोकत होत्या.

संघमित्राबाई म्हणजे सुरवाडेंच्या पत्नी. पहूरजवळच्या एका शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली. शाळेला खोली एक आणि व्हरांडा एक. व्हरांड्यात लाकडांवर खिचडी शिजायची, खोलीत पाढे चालायचे, आणि वारा फिरला की खिचडीचा धूर पाढ्यांत यायचा. बाईंनी आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. तरी जळगावच्या छातीच्या डॉक्टरांनी त्यांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं आणि यंत्रातून निघालेला कागद बघून सांगितलं, “बेचाळीस टक्के.”

“शंभरपैकी?” सुरवाडेंनी विचारलं.

“शंभरपैकी.”

“म्हणजे पास आहे,” सुरवाडे म्हणाले. घाबरले की ते असं काहीतरी बोलत.

डॉक्टर हसले नाहीत. “औषध देतो, ओढायचा पंप देतो. पण मॅडम दिवसातून वीसेक हजार वेळा श्वास घेणार. त्यात काय जातं, ते मी नाही बघू शकत. धूर नको, धूळ नको, उदबत्तीसुद्धा नको. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. उरलेलं सांभाळा.”

उरलेलं सांभाळण्यासाठीच तो अकरा ओळींचा अर्ज होता.

अर्ज नगरपालिकेत पोचण्याआधी बातमी कॉलनीत पोचली आणि सल्ले यायला लागले. पलीकडच्या घरातले रतिलाल शेठ किराणा दुकानवाले. ते म्हणाले, “सुरवाडे, घरात गुगुळाचा धूप करत जा. चांगला धूर आत भरलेला असला की वाईट धुराला जागाच राहत नाही.” हे ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पेटती धूपदाणी घेऊन स्वतः दारात उभे राहिले. शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून सुरवाडेंनी ती तीन मिनिटं ओट्यावर ठेवून घेतली. ती तीन मिनिटं संघमित्राबाई न्हाणीघराचं दार लावून आत बसल्या.

समोरचा किरण पाटील वीज कंपनीत होता, त्यामुळे त्याचा विश्वास विजेवर. त्याच्या सल्ल्यानं हवा शुद्ध करायचं यंत्र आलं. हवा चांगली असली की त्याचा दिवा निळा होतो आणि वाईट असली की लाल. यंत्र लावलं, दिवा लाल झाला आणि लालच राहिला. हवा वाईट आहे हे संघमित्राबाईंना आधी फक्त खोकताना कळायचं. आता खोकत नसतानाही कळू लागलं. बाराव्या दिवशी यंत्र टीं-टीं करायला लागलं, म्हणून सुरवाडे त्यातली जाळी काढून जळगावला दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “डाळ मिलमध्ये लावलं होतं का?”

संघमित्राबाईंनी शेवटी त्या दिव्यावर विणलेला रुमाल टाकला.

नगरपालिकेच्या आवक टेबलावर एक मुलगी बसली होती. तिनं अर्ज घेतला, वाचला नाही, आणि खालच्या ट्रेमध्ये टाकला.

“पोच?” सुरवाडेंनी विचारलं.

“पोच साहेब आल्यावर.”

ज्या माणसानं चौतीस वर्षांत एकाही अर्जदाराला पोच दिल्याशिवाय परत पाठवलं नव्हतं, लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा चार वाजेपर्यंत पोच दिल्या होत्या, त्या माणसाला हे ऐकावं लागलं. त्यांना अपमान वाटला. पण तो नेमका कोणाविरुद्ध नोंदवावा, हे कळेना. कारण टेबल तेच होतं, ट्रेसुद्धा तसाच.

पुढं अर्जाचं असं झालं, की विषयात ‘जाळला’ हा शब्द असल्यामुळे तो अग्निशमन विभागाकडे गेला. दोन आठवड्यांनी भर दुपारी एक वाजता लाल बंब घंटा वाजवत कॉलनीत शिरला. सगळी कॉलनी जेवणाच्या ताटावरून उठून बाहेर आली.

“आग कुठं आहे?” बंबावरच्या माणसानं विचारलं.

“सकाळी असते,” सुरवाडे म्हणाले.

“मग सकाळी बोलवायचं ना.”

“मी बोलावलं नाही. मी अर्ज केला होता.”

त्या माणसानं एक छापील कागद पुढं केला. आग नसल्याबद्दल सुरवाडेंची सही हवी होती. ‘आग आढळली नाही’ यावर सही केली तर आपला अर्ज खोटा ठरतो आणि न केली तर आग लपवल्यासारखं होतं, या पेचात सुरवाडे पाच मिनिटं पेन धरून उभे राहिले. शेवटी त्यांनी ‘या क्षणी’ असे दोन शब्द स्वतःच्या अक्षरात वर घातले आणि सही केली. बंबवाल्यांना मात्र भरलेली टाकी परत नेणं बरं दिसेना. त्यांनी प्लॉटवर पाणी सोडलं आणि ते गेले.

कचरा वरून भिजला. आत, खोल कुठंतरी, सकाळचा निखारा होता. ओल्या कचऱ्याखाली तो तीन दिवस धुमसत राहिला. एरवी सकाळचे दोन तास असणारा धूर आता दिवसरात्र होता, आणि नवा धूर पिवळट, जड, घशाला चिकटणारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला संघमित्राबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण शब्द बाहेर येईना. ओठ निळे पडले. सुरवाडेंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसऱ्या गावाला गेली होती. ते रस्त्यावर धावले ते थेट शेजारच्या शेडमध्ये.

ते शेड शकील मन्सुरींचं. पुढं पाटी ‘शकील गादी भांडार’, मागं पत्र्याखाली कापूस पिंजायचं मशीन. अर्ध्या तालुक्याच्या लग्नातल्या गाद्या शकीलभाईंच्या हातच्या. भुवयांवर, कानांवर, मिशीवर कायम कापसाची लव; लहान मुलं त्यांना म्हातारे समजत. वय त्रेपन्न. त्यांनी मशीन बंद केलं, एका नवरीसाठी शिवून ठेवलेली कोरी गादी माल वाहायच्या रिक्षात टाकली, बाईंना उचलून त्यावर झोपवलं आणि रिक्षा जळगावच्या रस्त्याला लावली. शकीलभाईंची बायको शहनाज मागं बसून संपूर्ण रस्ताभर बाईंची पाठ चोळत होती. सुरवाडे तिच्या शेजारी बसून नुसतं “झालं, आलंच” म्हणत होते.

पाच दिवस दवाखान्यात गेले. बाई घरी आल्या तेव्हा सोबत ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि आता अर्ज साधा राहिला नव्हता.

सुरवाडे पहाटे साडेपाचला गच्चीवर स्टूल टाकून बसू लागले. आग लावणाऱ्याला रंगेहाथ पकडायचं, नाव-गाव घ्यायचं आणि पुराव्यानिशी अर्ज करायचा. दुसऱ्याच दिवशी पकडलं. ती एक साठीची बाई निघाली. अंगात ठेकेदाराच्या सफाई कामगारांचं हिरवं जाकीट, नाका-तोंडाला पदर गुंडाळलेला. सुरवाडे चपला न घालताच खाली धावले.

“तुम्हाला माहीत आहे का, हा गुन्हा आहे?”

“गाडी येत नही, साहेब,” ती म्हणाली. “ठेकेदार सांगस, सकायमा प्लॉट साफ दिखाले पाहिजे. उचलीसन कोठे लई जाऊ? डोकावर?”

तिनं काठीनं ढिगातलं एक खोकं पुढं ओढलं. हवा शुद्ध करायच्या यंत्राचं खोकं, आतल्या थर्माकोलसकट. “हाई तुमनंच शे ना?” तिनं विचारलं. विचारताना ती दोनदा थांबून खोकली. तो खोकला सुरवाडेंच्या ओळखीचा होता.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. संघमित्राबाईंच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, आणि आता त्या मोजून शब्द वापरायच्या.

“नाव काय तिचं?”

“द्रौपदाबाई. रोजंदारीवर आहे.”

“मग लिहू नका.”

लिहायचं नाही हे ठरलं. पण सुरवाडे थांबणाऱ्यातले नव्हते. नगरपालिका ऐकत नाही म्हटल्यावर ते एसटीनं धुळ्याला गेले, वरच्या कार्यालयात. तिथं अर्जाचा नमुना ठरलेला होता, चौदा रकान्यांचा. नववा रकाना होता : ‘प्रदूषण करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता’. सुरवाडेंनी तो मोकळा सोडला. खिडकीतल्या माणसानं अर्ज परत सरकवला. “रकाना रिकामा चालत नाही, काका.”

हे वाक्य सुरवाडेंनी स्वतः हजारो लोकांना ऐकवलं होतं, आणि तेही याच आवाजात. त्यामुळे वाद घालायला त्यांना तोंड नव्हतं. द्रौपदाबाईंचं नाव लिहायचं नव्हतं. ठेकेदाराचं माहीत नव्हतं. मालक सुरतेला. शेवटी त्यांनी लिहिलं : ‘अज्ञात. ठिकाण – शकील गादी भांडार यांच्या मागे.’

पोच मिळाली. गोल शिक्का, तारीख, क्रमांक, खाली सही. इतकी सुबक पोच त्यांनी स्वतःच्या नोकरीतही क्वचितच दिली असेल. त्या आनंदात त्यांनी बसस्टँडवर गरम भजी खाल्ली आणि घरी परत येईपर्यंत पोच शर्टाच्या खिशातून चारदा बाहेर काढून पाहिली.

वरच्या कार्यालयानं पत्र नगरपालिकेकडे पाठवलं. तीस दिवसांत कार्यवाही करून अहवाल सादर करावा. स्वच्छता निरीक्षक नवल बाविस्कर एकोणतिसाव्या दिवशी जागेवर आले. स्वभावानं वाईट माणूस नव्हता. फक्त एकोणतिसावा दिवस होता. कचऱ्यावर नोटीस चिकटवता येत नाही. ‘अज्ञात’ याला बजावता येत नाही. त्या ओळीत नाव आणि पत्ता असलेला एकच माणूस होता. बाविस्कर शेडमध्ये गेले तर आत कापूस उडत होता, आणि राहत्या वस्तीत मशीन चालवायचा परवाना नव्हता. त्यांनी मशीन बंद करायला लावलं, दाराला सील ठोकलं आणि अहवाल वेळेत गेला.

त्या संध्याकाळी शकीलभाई नोटीस घेऊन सुरवाडेंकडे आले. कॉलनीत कुणालाही सरकारी कागद आला की तो वाचायला सुरवाडेंकडेच येत असे. लग्नसराई तोंडावर होती; शेडमध्ये अकरा गाद्यांचा कापूस भिजवलेल्या पिठासारखा अर्धवट पडलेला होता.

“सुरवाडे भाऊ, जरा वाचून सांगा. काय म्हणतात ते कळत नाही. मी काही जाळत नाही ना.”

सुरवाडेंनी चष्मा लावला. वर ‘संदर्भ’ होता आणि त्यात लिहिलं होतं : श्री. वा. झि. सुरवाडे यांचा अर्ज. त्यांनी ती ओळ ओलांडली आणि खालून वाचायला सुरुवात केली. कलम वाचलं, पोटकलम वाचलं, ‘तात्काळ’ आणि ‘पुढील आदेशापर्यंत’ वाचलं. शकीलभाई मान हलवत ऐकत होते.

आतून संघमित्राबाईंचा आवाज आला. “संदर्भ वाचा.”

सुरवाडे थांबले.

“पत्राला संदर्भ असतो,” बाई म्हणाल्या, आणि श्वास घेऊन पुन्हा म्हणाल्या, “तो आधी वाचतात.”

सुरवाडेंनी संदर्भ वाचला. स्वतःचं नाव मोठ्यानं वाचताना त्यांचा आवाज पहिलीतल्या पोरासारखा अडखळला.

शकीलभाईंनी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “तुम्ही लिहिलं?”

“पत्ता म्हणून लिहिलं, शकीलभाई. खुणेसाठी. तुमची तक्रार नव्हती.”

“पत्ता तर बरोबर आहे,” शकीलभाई म्हणाले. कागद घडी करून खिशात घातला आणि ते गेले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून शहनाजचं भिंतीवरून बोलणं थांबलं. मन्सुरींच्या शेडमधली घरघर बंद झाली आणि कॉलनी एकाएकी इतकी शांत झाली, की सुरवाडेंना दुपारची झोप लागेना. किरण पाटील म्हणाला, “भाऊ, तुम्ही जबरदस्त माणूस. एका अर्जात कारखाना बंद.” रतिलाल शेठ आपल्या मुलीच्या लग्नाच्या गाद्या आता जळगावहून आणाव्या लागणार म्हणून सुरवाडेंशी फटकून वागू लागले. प्लॉटवर सकाळी सहा ते आठ कचरा जळतच होता.

सुरवाडे अर्ज मागं घ्यायला नगरपालिकेत गेले. बाविस्करांनी त्यांना खुर्ची दिली. “काका, अर्ज तुमचा होता. आता तो कार्यालयाचा झाला. मागं घ्यायचा असेल तर कार्यालयानं घ्यायला पाहिजे, आणि कार्यालयाची काही तक्रार नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सुनावणी लावून देतो. या सगळे.”

सुनावणी दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. संघमित्राबाईंनी आपण येणार असल्याचं सांगितलं आणि त्यावर सुरवाडेंनी जे काही म्हटलं ते त्यांनी ऐकलं नाही. खाली जिन्याजवळ शकीलभाई उभे होते. महिनाभर ते सुरवाडेंकडे पाहत नव्हते; त्या दिवशीही पाहिलं नाही. त्यांनी चौकीदाराची खुर्ची उचलून आणली, बाईंना तीत बसवलं, पुढची बाजू स्वतः धरली आणि सुरवाडेंना मागची धरायला खुणावलं. अशी ती वरात वर निघाली. पाठीमागून एक शिपाई छोटा सिलेंडर घेऊन येत होता आणि लोक भिंतीला टेकून वाट देत होते. प्रत्येक वळणावर सुरवाडेंचा चष्मा घसरायचा, आणि हात मोकळा नसल्यामुळे ते उरलेल्या पायऱ्या अंदाजानं चढले.

वर मुख्याधिकारी साहेब व्हीसीत, म्हणजे पडद्यावरच्या बैठकीत, होते. दोन तासांनी शिपाई सांगत आला, सुनावणी पुढच्या बुधवारी.

उतरताना पहिल्या मजल्याच्या वळणावर शकीलभाईंनी खुर्ची हळूच खाली ठेवली आणि ते पायरीवर बसले. तोंड उघडं, खांदे कानांपर्यंत वर, गळ्याच्या शिरा ताठ. सुरवाडेंना वाटलं, वजनानं दमले. संघमित्राबाई मात्र मान तिरकी करून ऐकत होत्या. पहिली-दुसरीच्या वर्गात कुठल्या कोपऱ्यात कोण कुजबुजतं ते त्यांना अठ्ठावीस वर्षं ऐकू येत होतं.

“शिट्टी वाजतेय,” त्या म्हणाल्या. “छातीत. माझ्यासारखीच.”

“कापसाची धूळ आहे, मॅडम. जुनी सवय.”

“किती वर्षं?”

शकीलभाईंनी हातानं गुडघ्याएवढी उंची दाखवली. एवढा होतो तेव्हापासून.

बाईंनी आपला पंप काढून त्यांच्या हातात दिला आणि कसा ओढायचा ते दाखवलं. त्या आठवड्यात जळगावच्या फेरीला त्यांनी शकीलभाईंना रिक्षा चालवण्याच्या निमित्तानं सोबत घेतलं आणि डॉक्टरांसमोर बसवलं. शकीलभाईंनी नळीत फुंकलं. कागद निघाला. चौतीस.

“धंदा काय करता?”

“कापूस पिंजतो.”

“ताबडतोब बंद करा.”

“बंदच आहे,” शकीलभाई म्हणाले. “सरकारनं केलाय.”

सुरवाडे भिंतीवरचं फुफ्फुसाचं चित्र पाहत होते. चौतीस म्हणजे एका मार्कानं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

आता खरं तर त्यांनी थांबायला हवं होतं. पण त्यांच्या अर्जामुळे लागलेलं सील त्यांना रोज सकाळी ओट्यावरून दिसायचं. बुधवारच्या सुनावणीआधी ते नोटिशीची प्रत घेऊन बसले आणि तीत चूक शोधू लागले. कागदातली चूक शोधणं हे एकच काम ते आयुष्यभर शिकले होते. तिसऱ्यांदा वाचताना सापडली. नोटिशीवर जावक क्रमांक नव्हता. जिथं आकडा हवा तिथं नुसती तिरपी रेघ होती आणि पुढं साल.

बुधवारी मुख्याधिकाऱ्यांसमोर ते उभे राहून बोलले. जे पत्र जावक नोंदवहीत नाही ते कार्यालयातून बाहेर गेलेलंच नाही; जे बाहेर गेलेलं नाही ते कोणाला मिळालेलंही नाही; आणि जे मिळालेलंच नाही त्याच्या आधारे सील कसं लागलं? साहेबांनी बाविस्करांकडे पाहिलं. बाविस्करांनी आवक टेबलावरच्या मुलीकडे पाहिलं. शुक्रवारी सील निघालं.

सुरवाडे आदेश घेऊन शकीलभाईंच्या दारात गेले. चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांचं कौतुक केलं नव्हतं. आज निदान एक माणूस करेल असं त्यांना वाटलं. दार शहनाजनं उघडलं. तिनं आदेश पाहिला, मग सुरवाडेंकडे पाहिलं.

“उघडून दिलंत,” ती म्हणाली. “आता मी त्यांना कशी थांबवू?”

शकीलभाई थांबले, पण ते शहनाजमुळे की पंपामुळे की आपल्या पोरीच्या, सादियाच्या, धुळ्याहून आलेल्या फोनमुळे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ती तिथं औषधनिर्माणाचं शिकत होती आणि रिपोर्टचा फोटो तिला गेला होता. फेब्रुवारीत त्यांनी मशीन विकायला काढलं. आता ते कारखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलेल्या फोमच्या गाद्या विकणार होते. “त्यात माझं काम काय? नुसतं उचलून द्यायचं,” असं ते पहिल्यांदाच सुरवाडेंकडे पाहून म्हणाले. सुरवाडे शेजारी जाऊन उभे राहिले.

मशीन घ्यायला शिंदखेड्याकडचा एक तरुण टेम्पो घेऊन आला. आकाश नाव, वय चोवीस, नवं लग्न झालेलं, हात कामाचे. त्यानं घेण्याआधी मशीन चालवून पाहिलं. कापसाची लव दारातून बाहेर उडाली आणि उन्हात तरंगत राहिली. शकीलभाई दहा पावलं मागं सरकले.

संघमित्राबाई तेव्हा ओट्यावर बसून डॉक्टरांनी दिलेला व्यायाम करत होत्या. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत चेंडू. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा की चेंडू वर उठतात. त्यांचा पहिला चेंडू उठायचा. दुसरा थरथरायचा.

मशीन टेम्पोत चढवून आकाश पाणी प्यायला ओट्याशी आला. “हाई काय खेळनं शे, अक्का?”

बाईंनी कोरी तोंडनळी काढून जोडली आणि ते खेळणं त्याच्या हातात दिलं. “ओढ. आत.”

त्यानं ओढलं. तिन्ही चेंडू एकदम टक्कन वर जाऊन बसले आणि तो श्वास धरून हसत राहिला तोवर तिथंच राहिले. शकीलभाई पाहत होते. शहनाज पाहत होती.

“मशीनवर तोंड बांध,” बाई म्हणाल्या.

“बांधसू ना, अक्का. माले काय बी व्हत नही.”

“मीसुद्धा माझ्या अब्बांना हेच म्हणायचो,” शकीलभाई म्हणाले. ते त्याला उद्देशून म्हणाले की नाही, ते कळलं नाही.

आकाशनं ते परत द्यायला हात पुढं केला. बाईंनी घेतलं नाही. “घेऊन जा.”

“अगं, तुला लागेल,” सुरवाडे म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. दोन श्वास जमवले आणि पोराला सांगितलं, “रोज सकाळी ओढायचं.” मग थांबल्या. “तिसरा चेंडू वर जाईनासा झाला,” पुन्हा थांबल्या, “की त्या दिवशी मशीन विकून टाक.”

तो आता हसत नव्हता. त्यानं टेम्पोकडे पाहिलं, मग शकीलभाईंकडे, मग हातातल्या तीन चेंडूंकडे.

“मंग मी कोनले इकू, अक्का?” त्यानं विचारलं.

मागच्या प्लॉटवरून आज अवेळीच धूर यायला लागला होता. सुरवाडे उठले आणि बाईंची खुर्ची आत घेऊ लागले.